पाणी पाहून नाव बांधावी

जळगावाहून अजिंठ्याकडे निघालेला प्रवासी सुमारे ६० किलोमीटरांची वाट संपवून त्या अर्धचंद्राकृती कड्यापाशी पोहोचतो, तेव्हा त्याच्या मनात बुद्धचरित्र असते, जातककथा असतात, पद्मपाणी असतो. नौका मात्र नसते. परंतु दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात शिरून त्याने भिंती नीट न्याहाळल्या, तर तीन डोलकाठ्यांचे, उंच शिडांचे एक जहाज पाण्यावरून चाललेले त्याच्या दृष्टीस पडेल. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी, समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या पोटात बसून कोणा चित्रकाराने ते रंगविले. कापूस, केळी आणि कडक ऊन ह्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या खानदेशाच्या अगदी उंबरठ्यावर शिडाच्या नौकेचे इतके जुने चित्र असावे, ही गोष्ट मोठी मौजेची खरी.

ह्या चित्राची पुढची हकीकत अधिक बोधप्रद आहे. त्याच्या आधाराने एक खरेखुरे जहाज बांधावे, असे ठरून जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारचे संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स ही संस्था ह्यांच्यात करार झाला. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवावयाच्या, असा प्राचीन रीतीचा बेत होता. शिवणारे कुशल हात केरळात मिळाले. अडचण आली ती निराळीच. चित्रात जहाजाची केवळ एक बाजू होती. त्याचा तळ किती रुंद, पोट किती खोल, वजन कोठे किती, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर भिंतीवर लिहिलेले नव्हते. तेव्हा नौकाशास्त्रज्ञांना सर्व मापे नव्याने बसवावी लागली आणि मद्रासच्या आयआयटीत त्या आकाराची पाण्यातील वर्तणूक तपासून घ्यावी लागली. एवढे झाल्यावर ते जहाज मे २०२५ मध्ये कारवार येथे ‘कौंडिण्य’ ह्या नावाने नौदलात दाखल झाले व २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून मस्कतच्या प्रवासास निघाले.

तात्पर्य, चित्र म्हणजे आराखडा नव्हे. एका राष्ट्राच्या नौदलाला जे ध्यानात ठेवावे लागले, ते घरच्या अंगणात लहानशी शिडाची होडी बांधू पाहणाऱ्या गृहस्थाने विसरून कसे चालेल? आणि तरीही तो नेमके तेच विसरतो. वर्तमानपत्रात म्हणा, हल्लीच्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर म्हणा, निळ्या पाण्यावर किंचित् कललेली, शुभ्र शिडाची एक देखणी नौका त्याला दिसते आणि तो म्हणतो, ‘बांधावयाची तर हीच!’ पुढे काय होते, हे सांगावयास ज्योतिषी नको. पहिल्या हिवाळ्यात सांगाडा उभा राहतो. दुसऱ्या हिवाळ्यात पैसा संपतो. तिसऱ्या हिवाळ्यात त्या सांगाड्यावर गोधड्या वाळत पडतात. घर पाहावे बांधून व लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज म्हणत. त्यांनी नाव बांधली असती, तर म्हणीत तिसरा चरण खास आला असता.

मग निवड करावी तरी कशी? जळगाव वा धुळे येथील एक मध्यम स्थितीतील कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. नवरा, बायको, बारा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. हातांना करवत, रंधा व पटाशी ह्यांची थोडीबहुत ओळख आहे. मागील दारी पत्र्याची पडवी आहे. उत्साह मुबलक व पैसा मोजका आहे. ह्या कुटुंबाने आराखड्यांची पुस्तके उघडण्यापूर्वी चार गोष्टींचा विचार करावा: पाणी, वारा, ऊन आणि अंगण. हे चार परीक्षक ज्या नौकेला उत्तीर्ण करतील, तीच त्यांची नौका.

प्रथम पाणी. खानदेशात समुद्र नाही हे खरे. परंतु पाणी अगदीच नाही असे नाही. भुसावळनजीक तापीवर हतनूरचे धरण आहे आणि त्याचा फुगवटा तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेवाच्या बाजूस पसरलेला आहे. जळगावाजवळ वाघूर धरण आहे, खुद्द शहरात मेहरूणचा तलाव आहे. धुळ्याजवळ नकाणे तलाव आहे. शिंदखेडा तालुक्यात तापीवर सुलवाडे येथे बंधारा आहे. पांझरेच्या काठी फड पद्धतीने पाण्याचा काटेकोर हिशेब करून पिढ्यान्पिढ्या शेती करणाऱ्या प्रदेशाला पाण्याचे मोल शिकवावे लागत नाही. परंतु हे पाणी समुद्राच्या पाण्याहून स्वभावाने भिन्न आहे. ते दर ऋतूत आपली पातळी बदलते. दिवाळीत जेथे दोन पुरुष पाणी असते, तेथे वैशाखात भेगाळलेली जमीन असते. हतनूरसारख्या जलाशयात गाळाचा भरणा मोठा; किनाऱ्यापासून बरेच अंतर गुडघाभर पाणी आणि त्याखाली चिखल. शिवाय मासेमारी करणाऱ्यांची जाळी पाण्याखाली पसरलेली असतात.

अशा पाण्यात खोल कण्याची नौका काय कामाची? ज्याला कोकणातील कारागीर पठाण म्हणतात, तो तळाचा कणा समुद्रात नौकेला स्थैर्य देतो. येथे तो पहिल्याच फेरीत गाळात रुतेल. म्हणून येथील नौकेचा तळ सपाट अथवा जवळजवळ सपाट असावा. वाऱ्याने ती बाजूला घसरू नये म्हणून तळाच्या मधोमध एक अरुंद पेटी असावी आणि त्या पेटीतून हवी तेव्हा खाली सोडता व वर ओढता येणारी फळी असावी. सुकाणूही असेच वर उचलता यावे. जाळे आडवे आले, गाळ लागला, की फळी वर घ्यावी, सुकाणू उचलावे व वल्ह्याने वाट काढावी.

नौका पाण्यात किती बुडेल, हा हिशेब शाळेतील मुलालाही करता येतो. आर्किमिडीजचा सिद्धान्त येथे पुरेसा आहे. दोन प्रौढ माणसे १३० किलो, नौका ४५ किलो आणि शीड, वल्ही वगैरे सामान १५ किलो, असे एकूण १९० किलो वजन धरले, तर नौकेने १९० लिटर पाणी बाजूस सारले पाहिजे. पाण्यावर टेकणारा सपाट तळ २ चौरस मीटरांचा असेल, तर ती सुमारे साडेनऊ सेंटिमीटर बुडेल. म्हणजे वीतभरसुद्धा नाही. हाच हिशेब अरुंद तळाच्या देखण्या नौकेला लावून पाहावा. बारा वर्षांच्या मुलीकडून तो करवून घेतला, तर नौका बांधण्यापूर्वीच तिचा अर्धा लाभ पदरात पडला असे समजावे.

दुसरा परीक्षक वारा. खानदेशात वाऱ्याची वाण आहे असे कोणी म्हणू नये. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर उभ्या असलेल्या पवनचक्क्या त्याची साक्ष देतील. उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस अजिंठ्याची रांग, ह्यांच्या दरम्यान तापीचे खोरे पूर्व-पश्चिम पसरलेले असल्यामुळे पावसाळ्याच्या सुमारास पश्चिमेचा वारा ह्या खोऱ्यातून जोराने वाहतो. हिवाळ्यात मात्र सकाळी पान हलत नाही आणि दुपारी मंद झुळुका सुरू होतात. ह्या दोहोंहून भयंकर असतो तो वळवाचा वारा. मे महिन्यात दुपार टळता टळता आकाश काळवंडते, धुळीचा लोट उठतो आणि रावेर-यावल भागातील उभ्या केळीच्या बागा घटकाभरात भुईसपाट होतात. जो वारा घडांनी लगडलेली केळ आडवी करतो, त्याला दहा फुटांच्या होडीची काय मातब्बरी?

ह्यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. शीड बेताचे असावे आणि ते क्षणात उतरविता यावे. उंच डोलकाठीचे निमुळते शीड चित्रात शोभते. परंतु ती डोलकाठी उभी करणे, तिला तारांचे ताण देणे व गाडीवर लादणे हा नवशिक्याला व्याप होतो. त्यापेक्षा आखूड डोलकाठीचे चौकोनी शीड बरे. त्याचा वरचा कोपरा एका तिरप्या काठीने उचलून धरावा, अथवा त्याची वरची कड आडव्या काठीला बांधून ती काठी दोरीने वर चढवावी. कोकणच्या किनाऱ्यावरील मचवे पिढ्यान्पिढ्या अशाच तिरप्या काठीवरच्या शिडाने चालत आले. लहान होडीला चांगला वाळलेला, सरळ पेरांचा कळक डोलकाठी म्हणून चालतो. शिडाला पॉलिस्टरचे खास कापड उत्तम. परंतु पहिले शीड साध्या ताडपत्रीचे, गावातील ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून घेतले, तरी होडी चालते आणि चूक झाल्यास ती स्वस्तात पडते.

तिसरा परीक्षक ऊन, आणि खानदेशापुरते बोलावयाचे तर तोच सर्वांत कठोर. कोकणातील कारागीर फळीला फळी जोडून जी होडी बांधतो ती उत्कृष्ट असते, ह्यात शंका नाही. परंतु ती बहुतेक काळ पाण्यात किंवा दमट हवेत राहते. लाकूड पाणी पिऊन फुगते व फळ्यांमधील सांधे घट्ट बसतात. तीच होडी जळगावात आणून एप्रिल-मे हे दोन महिने पडवीत ठेवली, तर ४५ अंशांच्या आसपासच्या कोरड्या उष्म्यात फळ्या आकसतील, सांधे उघडतील आणि जूनमध्ये पाण्यात घालताच ती चाळणीप्रमाणे गळू लागेल. बैलगाडीचे चाक उन्हाळ्यात खिळखिळे झाले की शेतकरी ते डोहात बुडवून ठेवतो. त्याला हे तत्त्व कोणी समजावून सांगावे लागत नाही. वर्षातून मोजके दिवस पाण्यात व बाकीचे दिवस उन्हात राहणाऱ्या होडीला फळ्यांची बांधणी मानवत नाही. तिला प्लायवुडच हवे, कारण एकमेकांवर आडव्या-उभ्या तंतूंनी चिकटविलेले त्याचे थर सहसा आकसत नाहीत व फुगत नाहीत.

मात्र प्लायवुड म्हणजे कपाटाचे नव्हे. भारतीय मानक ७१० ची खूण असलेले, सागरी उपयोगाचे, उकळत्या पाण्याच्या कसोटीस उतरणारे प्लायवुड घ्यावे. आठ फूट लांब, चार फूट रुंद व ६ मिलिमीटर जाड असा एक तक्ता साधारण बारा-तेरा किलो भरतो. सातपुड्याच्या सागवानाचा अभिमान प्रत्येक खानदेशी मनुष्याला असतो व तो रास्त आहे. परंतु लहान होडीत सागवान काठाच्या पट्ट्यांपुरते वापरावे. ते वजनदार असते आणि त्याच्या अंगचे तेल सरसाला नीट धरू देत नाही; म्हणून जोडण्यापूर्वी ते द्रावकाने पुसून घ्यावे लागते. बाभळीचे नैसर्गिक वाक कोपऱ्यांना आधार म्हणून नामी.

सांधण्यासाठी आता इपॉक्सी नावाचा दोन द्रवांचा सरस मिळतो. हे दोन द्रव एकत्र होताच तापू लागतात व हवा जितकी उष्ण तितके लवकर घट्ट होतात. खानदेशातील उन्हाळी दुपारी भांडेभर सरस कालविला, तर तो कुंचल्याला लागण्यापूर्वीच भांड्यात दगड होईल. म्हणून हे काम कार्तिक ते माघ ह्या महिन्यांत, सकाळच्या प्रहरी, थोडा थोडा सरस पसरट भांड्यात कालवून करावे. हाताला मोजे असावेत व पडवी हवेशीर असावी. पुढे त्यावर रंगाचे थर अवश्य द्यावेत, कारण प्रखर सूर्यप्रकाशात उघडे इपॉक्सी हळूहळू निकामी होते.

चौथा परीक्षक अंगण. होडी बांधून झाली आणि मग ती दारातून निघेना, अशी फजिती अनेक देशांत झालेली आहे. दार रुंद असले तरी बोळाचे वळण नडते. म्हणून होडीच्या लांबी-रुंदीची एक चौकट कामट्यांची करून ती पडवीतून रस्त्यापर्यंत मिरवत नेऊन पाहावी. शेजारीपाजारी हसतील, हसू द्यावे. होडी अडकल्यावर ते अधिक हसतील. तसेच ती उचलणार कोण व पाण्यापर्यंत नेणार कशावर, हेही आधीच ठरवावे. दोघांना उचलता येते तीच होडी वारंवार पाण्यावर जाते. चौघे लागतात ती वर्षातून एकदा जाते. आठ लागतात ती जात नाही.

आता प्रत्यक्ष आराखड्यांकडे वळावे. जगात अशा होड्यांचे आराखडे शेकड्यांनी आहेत. त्यांपैकी तीन प्रातिनिधिक घेतले तरी पुरे.

पहिली ऑप्टिमिस्ट. अमेरिकेत फ्लॉरिडा प्रांतातील क्लिअरवॉटर ह्या गावी क्लार्क मिल्स ह्या नौकाकाराने १९४७ मध्ये ती मुलांसाठी रेखाटली. आठ फुटी प्लायवुडच्या तक्त्यातून, अल्प खर्चात, घरच्या घरी बांधता यावी, हा तिचा मूळ हेतू. म्हणूनच तिची लांबी आठ फुटांच्या किंचित् आत आहे. पुढील टोक निमुळते नसून पेटीसारखे सपाट आहे आणि शीड सुमारे ३५ चौरस फुटांचे, तिरप्या काठीने ताणलेले. दिसावयास ती आंघोळीच्या टबासारखी. परंतु जगभरच्या लक्षावधी मुलांनी शिडाची बाराखडी हिच्यावरच गिरविली. वजन सुमारे ३५ किलो. दोष एकच: तिच्यात बाप मावत नाही. तिला एकटे मूल चालविते. बापाने काठावर उभे राहून काळजी करावयाची.

दुसरी मिरर. इंग्लंडात त्याच नावाच्या वृत्तपत्राच्या पुरस्काराने १९६३ मध्ये ती पुढे आली. नौकाकार जॅक होल्ट आणि दूरचित्रवाणीवर गृहोपयोगी कामे शिकविणारे बॅरी बकनेल ह्या दोघांची ही करणी. लांबी १० फूट १० इंच, रुंदी सुमारे साडेचार फूट, सांगाड्याचे वजन ४५ किलोंच्या आसपास. हिच्या बांधणीची रीत अपूर्व होती. प्लायवुडचे कापलेले तुकडे कडांना भोके पाडून तांब्याच्या तारेने शिवावयाचे, मग सांध्यांवर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवावयाची. अवघड सुतारकाम जवळजवळ नाहीच. काथ्याने फळ्या शिवणाऱ्या आपल्या प्राचीन कारागिराला ही युक्ती पाहून स्वतःचे दूरचे नातलग भेटल्याचा आनंद झाला असता. डोलकाठी दोन आखूड भागांची असल्यामुळे सर्व काठ्या होडीच्या लांबीत मावतात. दोन प्रौढ, किंवा एक प्रौढ व दोन मुले तिच्यात बसतात आणि बाजूंच्या बंद कप्प्यांमुळे उलटली तरी ती तरंगत राहते. ७० हजारांहून अधिक मिरर आजवर बांधल्या गेल्या. त्यांतील पुष्कळ घराघरांतल्या हौशी हातांनी.

तिसरी पडल डक, म्हणजे डबक्यातले बदक. अमेरिकेतील डेव्हिड राउथ ह्यांनी २००३ मध्ये ती सुचविली. आठ फूट लांब व चार फूट रुंद अशी ही निव्वळ पेटी. तिच्या तळाकडील दहा इंचांचा आकार सर्वांनी सारखा ठेवावयाचा. वरचा भाग व शीड ज्याने त्याने आपल्या मगदुराप्रमाणे करावे. सरळ करवत धरता येणाऱ्या मनुष्याला ती साधते. रूपाची अपेक्षा करू नये. परंतु पहिल्या पोळीला गोलाईबद्दल कोणी नावे ठेवीत नाही.

वर कल्पिलेल्या चौघांच्या कुटुंबाने ह्यांतून काय घ्यावे? केवळ मुलांसाठी होडी हवी असेल व किनाऱ्यावर पोहणारे वडीलधारे असतील, तर ऑप्टिमिस्ट. हाताला सुतारकाम अगदीच नवे असेल व पहिली चूक स्वस्तात करावयाची असेल, तर पडल डक. आणि आईबापांनी मुलांसह पाण्यावर जावयाचे असेल, तर मिरर किंवा तिच्या जातीची, तारेने शिवावयाची, दहा-अकरा फुटांची, बंद कप्प्यांची होडी. पाणी, वारा, ऊन व अंगण ह्या चारही परीक्षकांनी दिलेल्या गुणांची बेरीज केली, तर खानदेशातील घरासाठी ह्या तिसऱ्या वर्गाचे पारडे जड ठरते.

निवड झाल्यावर एक मोह आवरावा लागतो: तो सुधारणेचा. ‘पाहुण्यांसाठी फूटभर लांब करू’, ‘उन्हासाठी छप्पर घालू’, ‘शीड थोडे मोठे घेऊ’, असे म्हणणारा मनुष्य प्रत्येक घरात असतो व बहुधा तोच घराचा कर्ता असतो. परंतु आराखडा हा तराजूसारखा असतो. शिडावरील वाऱ्याचा जोर एका ठिकाणी एकवटतो आणि पाण्यातील फळीचा विरोध दुसऱ्या ठिकाणी. ही दोन ठिकाणे जवळजवळ एका उभ्या रेषेत असली म्हणजे होडी सुकाणूचे ऐकते. शिडाचा जोर किंचित् मागे पडला, तर सुकाणू सुटताच ती आपण होऊन वाऱ्याकडे तोंड फिरविते व थांबते, ते सुरक्षित. तो जोर पुढे गेला, तर ती वाऱ्याकडे पाठ करून धावत सुटते, ते घातक. डोलकाठी चार बोटे पुढे सरकविण्यात काय बिघडते, असे विचारणाऱ्याला हे उत्तर आहे. सुधारणा करावयाचीच तर पुठ्ठ्याच्या नमुन्यात करावी. एका फुटाला दीड इंच ह्या प्रमाणाने आठ फुटी तक्ता एक फुटाचा होतो. त्या मापाने आधी पुठ्ठ्याची होडी करावी. तुकडे जुळले तर करवत हाती घ्यावी.

जुना, साधा, कसोटीस उतरलेला आराखडा काय करून दाखवितो, ह्याचे उदाहरण मुंबईतच घडलेले आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण ब्रिटिश नौअधिकारी त्या काळी मुंबईत होता. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी नौका बांधण्यासाठी इंग्लंडहून आराखडे मागविले. आले ते त्यांच्या मनातले नव्हेत. विल्यम ॲटकिन ह्या अमेरिकन नौकाकाराने १९२० नंतरच्या दशकात रेखाटलेल्या, जुन्या वळणाच्या ‘एरिक’ नामक नौकेचे. हाती वेळ थोडा होता. म्हणून तेच स्वीकारून १९६३ मध्ये कुलाब्यात काम सुरू झाले. मुंबईच्या सुतारांनी परंपरागत हत्यारांनी सागवानाची ही ३२ फुटी नौका घडविली आणि १९६४ च्या अखेरीस ती पाण्यात उतरली. तिचे नाव ‘सुहैली’. हीच जड, संथ, जुन्या घडणीची नौका घेऊन तो १४ जून १९६८ रोजी इंग्लंडातील फॅलमथ बंदरातून एकट्याने निघाला आणि ३१२ दिवस कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परतला. त्या स्पर्धेत नऊ जण उतरले होते. पूर्ण करणारा तो एकटा. त्याच्याहून वेगवान नौका इतरांपाशी होत्या.

आपल्याकडील ‘म्हादेई’चीही गोष्ट ह्याच अर्थाची. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णी येथे, म्हणजे समुद्रापासून दूरच राहत. भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास त्यांनी घेतला. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर ह्यांच्या कारखान्यात जी ५६ फुटी नौका बांधली गेली, तिच्यासाठी नवी कल्पना न लढविता एका डच नौकाकार संस्थेचा तयार आराखडा निवडण्यात आला. कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले व चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. त्याच आराखड्याची दुसरी नौका ‘तारिणी’. तिच्यातून २०१७-१८ साली नौदलातील सहा स्त्रियांनी पृथ्वीला वळसा घातला. तेव्हा घरच्या होडीचे सुकाणू कोणी धरावे हा प्रश्न निघाला, तर बारा वर्षांच्या मुलीकडे आधी पाहावे.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. होडी हे खेळणे नव्हे. पाण्याशी चूक परत दुरुस्त करता येत नाही. जलाशयात होडी नेण्यापूर्वी जलसंपदा विभागाची व स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. धरणाच्या भिंतीच्या व दरवाजांच्या आसपास कधीही फिरकू नये आणि पुराच्या दिवसांत नदीला दुरूनच नमस्कार करावा. त्याच जलाशयावर हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी उतरतात. त्यांच्या थव्यातून होडी नेणे हे पाहुण्याच्या ताटातून चालण्यासारखे आहे. काठावरील विजेच्या तारांखालून डोलकाठी उभी करून जाऊ नये. प्रत्येकाच्या अंगात तरंगजाकीट असावे. पोहता येणाऱ्याच्याही असावे, कारण डोक्याला काठी लागलेला मनुष्य पोहणे विसरतो. ज्या आराखड्यात बंद हवेचे कप्पे नाहीत तो कितीही सुंदर असला तरी नाकारावा. आणि होडी तयार झाल्यावर पहिल्या दिवशी ती छातीभर पाण्यात मुद्दाम उलटी करावी, पुन्हा सुलटी करावी व आतले पाणी उपसून टाकावे. जे घर हा पाठ हसतखेळत पुरा करते, त्याने खुशाल शीड उभारावे. ज्याला तो नकोसा वाटतो, त्याने होडी बांधून शेजाऱ्यास द्यावी.

ह्या क्रमाने गेले, तर एखाद्या माघातल्या दुपारी, पश्चिमेची झुळूक उठली असता, वाघूरच्या किंवा नकाण्याच्या पाण्यावर ताडपत्रीचे एक लहानसे शीड फुगलेले दिसेल. काठावरून पाहणाऱ्याला ते चित्रासारखे वाटेल. पण ते बांधणाऱ्यांना ठाऊक असेल, की आरंभ चित्राने झाला नव्हता. आरंभ झाला होता तो काठावर उभे राहून पाण्यात काठी रोवून खोली मोजण्याने, केळीची पाने कोणीकडे झुकतात ते पाहण्याने आणि पडवीच्या दाराला फूटपट्टी लावण्याने. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही शिकवण प्रत्येक मराठी घरात आहे. होडीच्या बाबतीत तिचा अर्थ इतकाच, की आपल्या वाट्याला जे पाणी आले आहे, ते लहान म्हणून तुच्छ न लेखता, त्याला शोभेल अशी नाव बांधावी. आणि बांधावयास घेतली ती पुरी करावी.